डब्लिनमधील सेशन : परक्या गावच्या गाण्यात बसायचे कसे?

लिफीकाठ

नमस्कार मंडळी. डब्लिनला येऊन मला आता सहा वर्षे होत आली. पहिली दोन वर्षे इथल्या संगीताशी माझा संबंध भारतातून पाहुणे आले की त्यांना टेम्पल बार भागात फिरवून आणण्यापुरताच होता. तिथे एखादा गिटारवाला ध्वनिवर्धकावर गात असतो, समोरचे लोक मोबाईल उंच धरून उभे असतात आणि आयर्लंडचे संगीत ऐकल्याच्या समाधानात आपण घरी परततो. एखाद्या पाहुण्याने पुण्याच्या हॉटेलात जेवणाबरोबर सादर केलेली लावणी पाहून तमाशा कळला असे म्हणावे, तशातलीच ही गत होती.

आमच्या कचेरीत पगारपत्रके पाहणाऱ्या एक बाई गेली तीस वर्षे कॉन्सर्टिना वाजवतात, हे मला त्यांच्या शेजारी दोन वर्षे बसल्यावर कळले. ही भात्याची छोटी, षट्कोनी पेटी असते आणि क्लेअर परगण्यात घरोघरी बहुधा बायका ती वाजवीत असत. मी त्यांना विचारले, “तुमचा कार्यक्रम कुठे असतो?” त्या हसल्या आणि म्हणाल्या की कार्यक्रम कुठेच नसतो, दर मंगळवारी सेशन मात्र असते.

त्या मंगळवारी पाहिलेल्या बैठकीने माझ्या बऱ्याच कल्पना पुसल्या. पबच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ माणसे एकमेकांकडे तोंड करून आणि म्हणून आमच्याकडे पाठ करून बसली होती. व्यासपीठ नव्हते, माइक नव्हता, निवेदन तर नव्हतेच. दोन फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच, एक लाकडी आडवी बासरी, टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी उभी बासरी, कॉन्सर्टिना आणि कोपराखालच्या भात्याने हवा भरून बसल्या बसल्या वाजवायचे इलन पाइप्स असा सरंजाम होता. एकाने सुरुवात केली, दोन मात्रांत इतरांनी धून ओळखली आणि सगळे एकाच सुरावटीवर चालू लागले. पहिल्या रात्री मला सगळ्या धुनी एकच वाटल्या, हे प्रामाणिकपणे सांगतो.

कान बसायला मला चार-पाच महिने लागले. नव्याने ऐकणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. बहुतेक धुनींचे दोन भाग असतात, आपल्या स्थायी-अंतऱ्यासारखे. प्रत्येक भाग आठ मापांचा, म्हणजे ठेक्याच्या आठ छोट्या आवर्तनांचा, असतो आणि तो दोनदा वाजतो. पूर्ण धून साधारण तीनदा वाजवून झाली की न थांबता दुसरीत उडी मारायची, मग तिसरीत. अशा दोन-तीन धुनींच्या माळेला ‘सेट’ म्हणतात. धुनींच्या प्रकारांपैकी रील चार-चारच्या चालीत पळते, तर जिगमध्ये तीन-तीनची मिळून सहा पावले असतात, त्यामुळे दादऱ्यावर वाढलेला आपला कान तिथे लवकर स्थिरावतो. स्लिप जिग नवाची असते आणि तिथे मी अजूनही चुकतो. स्वरांच्या बाबतीत पाहिले तर काही धुनी सरळ बिलावल थाटाच्या निघतात, काहींत कोमल निषाद लागून खमाजाची सावली पडते, आणि कोमल गंधारही आला की काफी समोर उभा राहतो.

ही तुलना मला फार उपयोगी पडली आणि पुढे तिनेच मला अडवले. खमाज ओळखला की मी त्याचा विस्तार होण्याची वाट पाहत बसे आणि तो कधीच होत नसे, कारण इथे धून वाढवायची नसते, ती आहे तेवढ्या चौकटीतच पुन्हा पुन्हा वाजवायची असते. फरक पडतो तो स्वराच्या आत. एक स्वर वाजवताना वरखालच्या स्वरांना चुटपुटता स्पर्श करून त्याचे पाच तुकडे करायचे, याला ‘रोल’ म्हणतात. हा रोल कुठे घ्यायचा आणि कुठे टाळायचा यावरून वाजवणारा स्लायगोचा की क्लेअरचा हे जाणकार सांगतात. विस्तार शोधणे सोडून दिले तेव्हा कुठे मला हे ऐकू यायला लागले.

माझ्या हातून एक मोठी चूकही झाली. तिसऱ्या महिन्यात मी उत्साहाने घरची ढोलकी घेऊन गेलो. कुणी काही बोलले नाही. दोन सेट झाले, मग वादकांनी वाद्ये मांडीवर ठेवली आणि हवामानाविषयी गप्पा सुरू केल्या, त्या बराच वेळ चालल्या. घरी जाताना कॉन्सर्टिनावाल्या बाईंनी मला अतिशय प्रेमाने सांगितले की या संगीताची लय धुनीच्या आतच असते, बाहेरून ठेका दिला की ती दबते. आणि टेबलाशी बसायचे तर कुणीतरी बोलवावे लागते. मला त्या रात्री झोप आली नाही, पण भजनात एखादा अनोळखी माणूस झांजा घेऊन मधेच शिरला असता तर मीही त्याच्याकडे तसेच पाहिले असते.

तेव्हापासून मी टिन व्हिसल शिकतो आहे. आपल्यापैकी आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांनी, किंवा राहून परतलेल्यांनी, इथल्या संगीताशी आणि चित्रकलेशी ओळख कशी करून घेतली, हे वाचायला आवडेल.

काजवा

उत्तम धागा. मी कॉर्कला असतो. आमच्याकडे पश्चिमेला, कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवर, स्लीव्ह लुआख्रा नावाचा डोंगराळ मुलूख आहे आणि तिथल्या सेशनमध्ये तुमच्या रील्स फारशा ऐकू येत नाहीत. तिथे पोल्का आणि स्लाइड या प्रकारच्या धुनी चालतात, कारण तिथले लोक अजूनही त्यांवर नाचतात. डब्लिनमध्ये ऐकणारे खुर्चीत बसतात, इथे खुर्च्या बाजूला सारल्या जातात. ऐकताना पायाकडे लक्ष ठेवलेत तर अर्धे संगीत तिथेच कळेल.

ढोलकीचा प्रसंग वाचून हसू आले, पण आपण एकटे नाही. बोरान हे बकऱ्याच्या कातड्याचे इथले डफासारखे वाद्य, आणि त्याच्याविषयी वादकांमध्ये जितके विनोद आहेत तितके दुसऱ्या कुठल्याही वाद्याविषयी नाहीत. एका सेशनमध्ये एकच बोरान असावे असा अलिखित दंडक आहे. मुळात ते सेशनचे वाद्य नव्हतेच. २६ डिसेंबरला वेष पालटून दारोदार फिरणाऱ्या रेन बॉइजच्या हातात ते असे. १९६० च्या दशकात संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी आपल्या वाद्यवृंदात त्याला मानाची जागा दिली आणि मग ते सगळीकडे पसरले. पावसाळी हवेत त्याचे कातडे सैल पडते आणि वाजवणारा ते शेकोटीजवळ धरतो, तेव्हा मला गावाकडे जाळ करून हलगी तापवणारे हमखास आठवतात.

मुळशीकर

मी चार वर्षे डब्लिनला राहून आता पुण्यात परतलो आहे. थोडा विरोधी सूर लावतो, कृपया गैरसमज नसावा.

परदेशी नोकरी करणाऱ्याच्या हाती आठवड्यातून फार तर एक मोकळी संध्याकाळ लागते. माझ्या मुलीला तेव्हा पेटीवर साधे अलंकारही येत नव्हते, आणि तिला आपले संगीत मिळण्याची जागा घराशिवाय दुसरी नव्हती. आयरिश संगीत शिकायला पन्नास लाख आयरिश माणसे आहेत, परंतु अभंग तिथे आपण सांभाळले नाहीत तर कोण सांभाळणार? शिवाय तुम्ही कितीही वर्षे बसलात तरी त्या टेबलाशी तुम्ही पाहुणेच राहणार. स्थानिक कलेची ओळख असावी, अवश्य असावी. पण दर मंगळवारी जाऊन बसण्याइतकी? आणि तेही पबमध्ये? आमच्या घरात कुणी मद्य घेत नाही, त्यामुळे आम्हाला तिथे अवघडल्यासारखे होत असे.

जाईची वेल

मुळशीकर, तुमच्या शेवटच्या अडचणीपुरते आधी सांगते. पबमध्ये मी चार वर्षे चहा मागते आणि मला एकदाही कुणी भुवया उंचावून पाहिलेले नाही. वाजवणाऱ्यांपैकीही निम्मे लोक पाणीच पीत असतात, कारण त्यांना गाडी चालवत घरी जायचे असते. मुलांना मात्र रात्री ९ नंतर तिथे थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर ही मुदत १० पर्यंत असते.

पण पब हा एकच दरवाजा नाही. कोल्तस ही १९५१ साली स्थापन झालेली संस्था गावोगावच्या शाखांमधून मुलांचे वर्ग चालवते. माझी मुलगी आठव्या वर्षी टिन व्हिसलच्या वर्गाला जाऊ लागली. हे वाद्य खिशात मावते आणि दोन पिझ्झांच्या किमतीत येते. शिक्षिका आधी धून तोंडाने म्हणून दाखवतात, मग दोन-दोन मापे वाजवतात, मुले ऐकून उचलतात. कागद शेवटी मिळतो, तोही विसरलेच तर पाहण्यासाठी. पहिल्या दिवशी मी दाराबाहेर बसून ऐकत होते आणि मला माझ्या गुरुजींची तालीमच आठवली. आम्हालाही वही उघडायला मनाई होती.

ऑगस्टमध्ये याच संस्थेचा ‘फ्ला’ हा संगीतमहोत्सव भरतो. २०२४ साली तो वेक्सफर्डला होता. स्पर्धा एकीकडे चालू असतात, परंतु खरी मजा रस्त्यावर असते. दर दहा पावलांवर मुलांचे टोळके वाजवत बसलेले, पुढ्यात उघडी पेटी आणि पेटीत नाणी. माझ्या मुलीने तिथे पहिल्यांदा अनोळखी मुलांबरोबर सलग पाच धुनी वाजवल्या. मुळशीकर, ती घरी अभंगही म्हणते. उलट व्हिसलमुळे तिचा सूर पक्का झाला, कारण बेसूर वाजले की शेजारचा मुलगा लगेच तोंड वाकडे करतो.

अनुस्वार

चर्चा चांगली चालली आहे, पण ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ यांच्यामधली रेघ आपण जितकी ठळक काढतो आहोत तितकी ती या संगीतात नाही, असे माझे मत आहे. तीन उदाहरणे देतो.

फ्रान्सिस ओ’नील १८४८ साली कॉर्क परगण्यात जन्मला, तरुणपणी घर सोडून जहाजावर गेला आणि पुढे शिकागो शहराचा पोलीसप्रमुख झाला. तिथल्या स्थलांतरितांकडून त्याने धुनी गोळा केल्या आणि १९०३ साली १८५० धुनींचा संग्रह छापला. तो आजही वादकांच्या घरी असतो. आयर्लंडची वही अशी शिकागोत लिहिली गेली.

दुसरे उदाहरण मायकल कोलमन याचे. स्लायगोचा हा फिडलवादक न्यूयॉर्कला स्थायिक झाला आणि १९२० च्या दशकात त्याच्या तबकड्या निघाल्या. त्या बोटीने मायदेशी पोचल्या, आणि खेड्याखेड्यांतले वादक ग्रामोफोनला कान लावून त्याच्यासारखे वाजवू लागले. त्यात कित्येक गावांची स्वतःची ढब मागे पडली, असे अभ्यासक म्हणतात. आपल्याकडेही तबकड्यांनी गाण्याचे काय काय बदलले ते इथल्या मंडळींना सांगायला नको.

तिसरे उदाहरण सगळ्यात महत्त्वाचे. ज्या सेशनविषयी आपण बोलतो आहोत, ते पबमधले सेशन प्राचीन मुळीच नाही. जुन्या काळी हे संगीत घरात, स्वयंपाकघरातल्या चुलीपाशी आणि चौरस्त्यावरच्या नाचात वाजे. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना आवश्यक केला आणि घरगुती नाचांवरही त्याचा बडगा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश तरुण बांधकामावर मजुरी करायला लंडनला गेले. भाड्याच्या खोलीत वाजवले तर घरमालकीण हाकलून देई, म्हणून कॅम्डन टाउन आणि केंटिश टाउन भागातल्या पबमध्ये ते संध्याकाळी जमू लागले. पबमधल्या सेशनची चाल रुजली ती मुख्यतः तिथे, आणि मग ती आयर्लंडला आली. लिफीकाठ ज्या टेबलाशी बसतात ते टेबल घर सोडून गेलेल्यांनीच मांडलेले आहे.

मुळशीकर

अनुस्वार, हे मला माहीत नव्हते. घरमालकिणीचा तपशील विशेष पटला. आमच्या मालकांनीही तबल्याबद्दल दोनदा चिठ्ठी लिहिली होती. वेळेविषयीचा माझा मुद्दा मात्र मी मागे घेत नाही.

पितळी डबा

मला गाण्यातले फारसे कळत नाही, म्हणून चित्रांविषयी लिहितो. डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाचा कायमचा संग्रह पाहायला पैसे पडत नाहीत, आणि या एका गोष्टीने माझी पाहण्याची पद्धत बदलली. तिकीट काढले की माणूस वसुलीला लागतो आणि तीन तासांत सगळी दालने तुडवतो. मी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटे जातो, एकच चित्र पाहतो आणि परत येतो.

तिथे काही चित्रे अशी आहेत की ती आपल्या सवडीने दिसत नाहीत. हेन्री वॉन नावाच्या संग्राहकाने १९०० साली टर्नर या इंग्रज चित्रकाराची ३१ जलरंगचित्रे या दालनाला दिली, ती एका अटीवर : प्रकाश सर्वांत मंद असतो त्या जानेवारी महिन्यातच ती लोकांना दाखवावीत आणि विनामूल्य दाखवावीत. ही अट आजही पाळली जाते. डब्लिनचा जानेवारी कसा असतो हे इथल्या मंडळींना ठाऊक आहे; साडेचारला अंधार, हाडांत शिरणारा ओलावा. त्या महिन्याची वाट पाहायला लावणारी मला माहीत असलेली ही एकमेव गोष्ट आहे. फ्रेडरिक बर्टन यांचे १८६४ सालचे जिन्यावरच्या निरोपाचे जलरंगचित्रही असेच नाजूक आहे. ते आठवड्यातून मोजकेच तास उघडतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते बंद होते आणि मी चिडलो होतो. आता ते तास मला पाठ आहेत.

हॅरी क्लार्कच्या रंगीत काचांविषयी लिहिले नाही तर हा प्रतिसाद अपुरा राहील. १८८९ ते १९३१ एवढेच त्याचे आयुष्य, पण निळ्या रंगाची जी खोली त्याने काचेत आणली ती कागदावरच्या छायाचित्रात येतच नाही. ग्राफ्टन रस्त्यावरच्या ब्यूलीज कॅफेत त्याच्या खिडक्या आहेत. कॉफी घेऊन बसावे आणि ऊन आले-गेले की काच कशी बदलते ते पाहावे. ‘जिनीव्हा विंडो’ ही त्याची काच सरकारनेच मागवली आणि मग तिच्यातील दृश्ये खटकली म्हणून नाकारली. ती आता अमेरिकेत मायामी बीचला आहे. ज्या देशाची म्हणून ती घडवली त्या देशात ती नाही, याची हळहळ इथले लोक अजूनही करतात.

आणि मराठी माणसाला थबकायला लावणारी जागा म्हणजे डब्लिन कॅसलच्या आवारातले चेस्टर बीटी संग्रहालय. ते ज्याच्या नावाचे आहे तो अमेरिकन खाणमालक १९५० साली डब्लिनला राहायला आला आणि आपला संग्रह इथेच ठेवून गेला. त्यात मुघल लघुचित्रे आहेत, अकबरनाम्याची पाने आहेत. प्रवेश विनामूल्य. आपल्याकडचे काही पाहायला मी तिथे गेलो आणि शेजारच्या दालनातील जपानी चित्रांच्या गुंडाळ्यांपुढे तासभर उभा राहिलो.

जाईची वेल

पितळी डबा, जानेवारीची नोंद करून ठेवली आहे. मुलीला घेऊन जाईन.

शाईचा डाग

मी गेल्या महिन्यातच लिमरिकला आले आहे, कुणाला ओळखत नाही. एकट्या बाईने सेशनला जावे का? आणि तिथे गेल्यावर नेमके करायचे काय?

काजवा

अवश्य जावे. लवकर जा, म्हणजे टेबलाजवळची, परंतु टेबलाची नव्हे अशी जागा मिळेल. ज्या खुर्च्यांवर वाद्यांच्या पेट्या ठेवलेल्या दिसतील त्या रिकाम्या समजू नका. सेट चालू असताना टाळ्यांनी ठेका धरू नका आणि विचारल्याशिवाय चित्रण करू नका. मधेच कुणी गायला लागले तर ग्लास खाली ठेवण्याचाही आवाज होऊ देऊ नका. शॅन-नोस, म्हणजे जुन्या पद्धतीचे गाणे, साथीशिवाय, बहुधा डोळे मिटून गायले जाते आणि कधीकधी शेजारी बसलेला माणूस गाणाऱ्याचा हात हातात धरून ठेवतो. कडवे संपताना श्रोते हळू आवाजात दाद देतात, आपण ‘वा’ म्हणतो तशी. ती देता येईल तेव्हा द्या, घाई नाही.

लिमरिकहून क्लेअर जवळ आहे. जुलैच्या सुरुवातीला मिलटाउन मालबे गावात विली क्लॅन्सी या पाइप्सवादकाच्या नावाने आठवडाभर संगीतशाळा भरते, १९७३ पासून. वर्गात नाव घातले नाही तरी गावात नुसते फिरायला जा.

लिफीकाठ

सर्वांचे आभार. मुळशीकरांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले होते. तुम्ही म्हणता तो वेळेचा हिशेब खरा आहे आणि मी तो मंगळवार आमच्या मंडळाच्या नाटकाच्या तालमीतून काढला, हेही खरे आहे. त्यावरून मी बोलणी खाल्ली आहेत. पाहुणा राहण्याविषयी मात्र माझी काही तक्रार नाही. इलन पाइप्सविषयी इथे म्हणतात की सात वर्षे शिकण्याची, सात सरावाची आणि सात वाजवण्याची, तेव्हा कुठे वादक तयार होतो. या हिशेबाने त्या टेबलाशी बसलेले निम्मे लोक अजून उमेदवारच आहेत.

‘दर मंगळवारी’ का, तेही सांगतो. २०२१ साली स्मिथफील्डमधल्या कॉबलस्टोन या संगीतासाठी प्रसिद्ध पबच्या जागेवर हॉटेल बांधण्याचा प्रस्ताव आला. त्या वेळी शेकडो लोक वाद्ये घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. मी त्या मोर्चात मागे चालत होतो. माझ्या बाजूच्या एका गृहस्थांना मी विचारले, “तुम्ही काय वाजवता?” ते म्हणाले, “काहीच नाही, मी फक्त गुरुवारी येतो.”

परवाच्या मंगळवारचे सांगून थांबतो. दोन सेटच्या मध्ये टेबलाशी शांतता होती, तेव्हा सत्तरीच्या पुढचे एक फिडलवादक मागे वळले आणि माझ्या खिशातून डोकावणाऱ्या व्हिसलकडे पाहून त्यांनी विचारले, “तुझ्याकडे काही आहे का?” माझ्याकडे एक जिग होती, आठ महिने घासलेली. मी सुरू केली. दुसऱ्या मापापासून ते आत आले, मग कॉन्सर्टिना आली. दुसऱ्या भागात माझे बोट घसरले आणि मी पूर्ण थांबलो, पण धून थांबली नाही. ती त्यांनी तशीच पुढे नेली, आणि पहिला भाग फिरून आला तेव्हा मी पुन्हा त्यात शिरलो.